स्केटिंग करणाऱ्या मुलीचं खरं वय

खून, दरोडे, हाणामाऱ्या यांतलं बरंचसं मी विसरलो. विसरायलाच हवं, नाहीतर निवृत्तीनंतर झोप कशी लागायची? पण एका मुलीच्या जन्मदाखल्याचं प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. त्यात ना रक्त सांडलं, ना कुणी फरार झालं. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. मुलगी कोल्हापुरातच राहते आणि तिला अजून सगळं आयुष्य काढायचं आहे.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो आणि निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. सकाळची हजेरी झाली होती, रात्रीची स्टेशन डायरी वाचून मी सही करत होतो. तेवढ्यात इस्त्रीच्या कपड्यांतले एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, जरा गुप्त बोलायचं होतं."

"पोलीस ठाण्यात दिवसाढवळ्या आलाय आणि गुप्त कसलं? बसा," मी म्हणालो.

त्यांनी फाइलमधून दोन झेरॉक्स काढल्या, एक जन्मदाखल्याची आणि एक आधार कार्डाची. दोन्ही एकाच मुलीच्या होत्या आणि दोन्हींवर तारीख एकच होती. त्या तारखेनं मुलगी सतरा वर्षांची होत होती. "हिचं वय खोटं आहे," गृहस्थ म्हणाले. "माझी मुलगी आणि ही एकाच ठिकाणी फिगर स्केटिंग शिकतात. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आलीय. ही माझ्या मुलीची जागा खाणार."

फिगर स्केटिंग म्हणजे संगीताच्या तालावर बर्फावर घसरत गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या. आता कोल्हापुरात बर्फ म्हटला की उसाच्या रसात घालायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. पण इथल्या काही मुली सिमेंटच्या मैदानावर, एका ओळीत चाकं असलेल्या बुटांवर तयारी करतात आणि वर्षातून दोनदा उत्तरेत खऱ्या बर्फावर सरावाला जातात. ही मुलगी त्यांत सगळ्यांत पुढं होती. वरिष्ठ गटात निवड झाली असती तर ती परदेशी गेली असती.

मी तक्रार अर्ज लिहून घेतला आणि मनातल्या मनात प्रकरण मिटवूनही टाकलं. खेळातलं खोटं वय म्हणजे कमी केलेलं वय, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. सतरा वर्षांखालच्या संघात मिशा फुटलेले गडी खेळताना मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तेव्हा ही मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असणार, असं धरून मी चौकशीला माणूस पाठवला.

शाळेच्या रजिस्टरचा उतारा आला. त्यात तारीख वेगळी होती. पण त्या तारखेनं मुलगी एकोणीस नव्हे, पंधरा वर्षांची ठरत होती!

इथं माझी चूक झाली, ती सांगतो. शाळेच्या तारखेवर माझा जन्मात कधी विश्वास बसला नाही. माझी स्वतःची तारीख एक जून आहे. वडील मला शाळेत घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि एक जून लिहून टाकलं. त्याच तारखेवर मी भरती झालो आणि त्याच तारखेवर निवृत्तही झालो. आई सांगायची, तू ऐन दिवाळीत झालास. त्यामुळं शाळेची तारीख खोटी आणि जन्मदाखल्याची खरी, असं मी बिनदिक्कत ठरवून टाकलं. महापालिकेतून दाखला पडताळून आणला. नोंद क्रमांक बरोबर, शिक्का अस्सल, नोंदवहीत नाव, आईबापांचं नाव सगळं जिथल्या तिथं. तक्रारीत तथ्य नाही, असा अहवाल मी लिहायलाही घेतला.

अहवाल टाइप होत असताना आमच्या महिला हवालदार बाई आत आल्या. तीस वर्षं नोकरी झालेल्या, तोंडानं फटकळ, पण माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारं ठाण्यात दुसरं कुणी नव्हतं.

"साहेब, ती पोरगी बघितलीय का तुम्ही?"

"कागद बघितलेत."

"कागद काय बघताय? माझी पुतणी सतराची हाय. ही सतराची न्हाय. आन् कमरंला ह्यो एवढा पट्टा बांधून उड्या मारतीया. उतरली की दातावर दात आवळती. कोच म्हणतोय, परत."

"मग ही आहे किती वर्षांची?"

"शाळा म्हणती तेवढीच की! आन् साहेब, तिथं भिंतीला बक्षिसांचा फळा हाय. फोटो काढून आणलाय."

त्यांनी मोबाइल पुढं केला. फळ्यावर रंगानं लिहिलं होतं: दहा वर्षांखालील गट, सुवर्ण, आणि पुढं याच मुलीचं नाव. सहा वर्षांपूर्वीची स्पर्धा. मी बोटांवर गणित केलं. जन्मदाखल्याप्रमाणं तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

टायपिंग थांबवलं. वय वाढवून कुणाचा काय फायदा, हेच मला समजत नव्हतं. त्या खेळाची नियमावली मागवली आणि माझ्या मुलाकडून समजून घेतली. या खेळात उलटंच आहे. वरिष्ठ गटात उतरायचं तर ठरलेल्या एक जुलैपूर्वी सतरा वर्षं पूर्ण लागतात. आधी पंधरा चालत होती, ती अलीकडे वाढवली. लहान, हलक्या अंगाच्या मुली हवेत जास्त गिरक्या घेतात, म्हणून जगभर कोवळ्या मुलींना राबवून घेतलं जात होतं आणि वीस वर्षांच्या आत त्यांची हाडं खिळखिळी होत होती. ते थांबावं म्हणून हा नियम. कनिष्ठ गटात या मुलीला कुणीच अडवलं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

मग कोचला नोटीस काढून बोलावलं. चाळिशीचा, बाहेरून येऊन इथं स्थायिक झालेला माणूस. चहा दिला आणि म्हटलं, मला खेळातलं काही कळत नाही, जरा समजावून सांगा. आपली विद्या दाखवायची संधी मिळाली की माणूस भडाभडा बोलतो, हा माझा अनुभव आहे. अर्धा तास तो उड्यांचे प्रकार सांगत होता.

"मुलींचं शरीर सोळा-सतराव्या वर्षी भरतं, सर. मग उडी जाते. जे करायचं ते त्याआधीच."

"म्हणजे ही मुलगी आता त्याआधीची आहे?"

तो चपापला. "तसं नाही, हिचा बांधाच लहान आहे. वयाचं म्हणाल तर पालकांनी कागद दिले, मी पुढं पाठवले."

मी फळ्याचा फोटो टेबलावर ठेवला. "हा फळा कुणी लिहिला?"

"मीच."

"सहा वर्षांपूर्वी तुम्ही हिला दहाच्या आतली म्हणून उतरवलं. या दाखल्याप्रमाणं ती तेव्हा अकराची होती. एकतर तेव्हा तुम्ही वय कमी केलंत, नाहीतर आता वाढवलंत. कुठला गुन्हा लिहू, ते तुम्हीच सांगा."

मी पाच मिनिटं डायरी चाळत बसलो. चौकशीत आपण गप्प बसायला शिकलं पाहिजे, समोरच्याला ते सहन होत नाही.

"आता वाढवलंय," शेवटी तो म्हणाला. "मी वडिलांना एवढंच म्हणालो होतो, दोन वर्षं जास्त असती तर हिला आजच नेलं असतं. आठ दिवसांत ते हा दाखला घेऊन आले. कुठून आणला, मी विचारलं नाही."

विचारलं नाही म्हणे! पण दाखला कुठून आला, हे मलाही उमगत नव्हतं. बनावट असता तर शिक्का करणारा धरला असता. हा तर अस्सल होता.

वडिलांना बोलावलं. उद्यमनगरात लेथवर काम करणारा, तरणेपणी पेठेकडून फुटबॉल खेळलेला गडी. मुलीच्या बुटांची चाकं बसवायची पट्टी बाहेरून आणायची तर परवडत नाही, म्हणून यानं स्वतः ॲल्युमिनियम कातून तयार केलेली. मुलीवर त्याचा जीव होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती.

"दाखला खरा हाय, साहेब," तो छाती काढून म्हणाला. "महापालिकेत जाऊन बघा की."

"बघितलाय."

"मग झालं तर!"

त्याच्याकडून काही निघेना. तेव्हा मुलीची वैद्यकीय तपासणी करून घेतली. मनगट, कोपर, कमर यांचे एक्स-रे काढून हाडांवरून वयाचा अंदाज करतात. डॉक्टरांनी पंधराच्या आसपास असा अभिप्राय दिला आणि वर फोनही केला. मुलगी वाकून चालते म्हणून त्यांनी पाठीचाही एक्स-रे काढला होता. मणक्याला बारीक तडा गेला होता. "आणखी महिनाभर अशा उड्या मारल्या तर तिला सरळ उभं राहणं अवघड होईल," डॉक्टर म्हणाले. "चाचणी-बिचणी विसरा."

मुलगी मात्र विसरायला तयार नव्हती. साध्या कपड्यांत हवालदार बाईंना घेऊन मी तिच्याशी बोलायला गेलो, तेव्हा ती माझ्यावरच उखडली. "काका, मी सात वर्षं पहाटे उठतेय. तुमचं काय जातंय मला सतराची म्हणायला?" आणि ढसाढसा रडली.

गाडी अडली होती ती त्या अस्सल दाखल्यावर. मी स्वतः महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जाऊन बसलो. दाखल्यावर थोडीच माहिती असते. दवाखान्यातून येणाऱ्या मूळ फॉर्मवर जास्त असते. त्यात एक रकाना आहे: आईला आजवर झालेली जिवंत अपत्यं, या बाळासह. सतरा वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर तिथं 'एक' लिहिलं होतं. कारकुनाला म्हटलं, याच आईबापांच्या नावानं आणखी दोन-तीन वर्षं पुढं शोधा. तासाभरात त्यानं दुसरा फॉर्म समोर टाकला. तोच दवाखाना, तेच आईबाप, मुलीचं नावही तेच. तारीख शाळेतली. आणि त्या रकान्यात 'दोन'.

रेशन कार्डावर मात्र एकच मुलगी होती.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. दुपारी आम्ही शिवाजी पेठेत त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीवर पदकं. वडील घरी होते, मुलगी आतल्या खोलीत पडून होती. मी आईला विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"एकच."

हवालदार बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "झाली किती, ताई? आन् राहिली किती?"

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. "झाली दोन," ती म्हणाली. "राहिली एक."

पहिली मुलगी बाळंतपणानंतर आईबरोबर हातकणंगल्याजवळ माहेरी गेली होती. तिथं तापानं गेली. ओढ्याकडेला पुरली. मृत्यूची नोंद कुणी केली नाही, कुणाला सुचलंही नाही. पहिलीला सासूनं आपल्या सासूचं नाव ठेवलं होतं, दुसरी झाली तेव्हा तेच परत ठेवलं. "सगळी म्हणाली, तीच परत आली. मीबी तसंच धरलं. ह्या पोरीला अजून सांगितलं न्हाय."

"पहिलीचा जन्मदाखला आहे का?"

"हाय की. तिची कुंची आन् तो कागद, एवढंच हाय माझ्याजवळ."

ती उठली, कपाटातला स्टीलचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं. कुंची होती. खालची प्लॅस्टिकची पिशवी रिकामी होती. तिनं कुंची झटकली, डबा उपडा केला. मग नवऱ्याकडं पाहिलं.

"तिचा कागद कुठं हाय?"

तो उठून चपला शोधायला लागला.

"अहो, मी काय विचारतीया? तिचा कागद कुठं हाय?"

तोवर मला वाटत होतं, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असणार. तिला काहीच ठाऊक नव्हतं. आतल्या खोलीच्या दारात मुलगी येऊन उभी राहिली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

ठाण्यात आल्यावर वडील घडाघडा बोलले. "साहेब, मी खेळायचो तवा वस्तादांनी माझी दोन वर्षं कमी केलती. कुणाचं काय वाकडं झालं? त्या कागदावर आधारची तारीख बदलून हिची दोन वाढवली. पोरीचं भलं होईल म्हटलं. तो कागद नुसता पडूनच होता की."

माझं डोकं फिरलं. "पडून नव्हता रे! जपून ठेवला होता!" मी एवढ्या जोरानं ओरडलो की बाहेरचा ठाणे अंमलदार आत डोकावला. आरोपीवर ओरडायची मला सवय नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही.

फसवणूक आणि दुसऱ्याचा दाखला आपला म्हणून वापरल्याचा गुन्हा नोंदवला. वडील आणि कोच दोघांवर दोषारोपपत्र गेलं. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. निवड चाचणीला ती मुलगी गेली नाही. तक्रारदाराची मुलगी गेली आणि तिचीही निवड झाली नाही, हेही सांगून टाकतो.

पण माझ्यापुढं वेगळाच पेच होता. पहिल्या मुलीचा मृत्यू नोंदला जात नाही तोवर सरकारदरबारी ती जिवंत. आधारवरची तारीख दुरुस्त करायची तर आधी तो दाखला दुसऱ्याच मुलीचा, आणि ती मुलगी हयात नाही, हे सिद्ध करावं लागणार. तसं झालं नाही तर ही पंधरा वर्षांची, पाठीला पट्टा बांधलेली पोर चार महिन्यांत कागदावर अठराची, म्हणजे सज्ञान होणार. मग तिला कुणी कुठंही नेलं, काहीही करायला लावलं, तरी अल्पवयीन म्हणून कायदा तिच्या पाठीशी उभा राहणार नाही.

आईनं साफ नकार दिला. "ती मेली म्हणून माझ्या हातानं लिहून देणार न्हाय. पायजे तर मला आत टाका." मी दोनदा जाऊन आलो. हवालदार बाई चारदा गेल्या. आम्ही दोघंही हात हलवत परत आलो.

तिसऱ्या आठवड्यात मुलगीच आईचा हात धरून ठाण्यात आली. घरात काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. प्रतिज्ञापत्र झालं, उशिराच्या नोंदीसाठी आदेश मिळाला आणि आम्ही हातकणंगल्याला नोंदणी कार्यालयाच्या खिडकीसमोर जाऊन उभे राहिलो.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं मला नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात एकदा विचारलं होतं. मी सांगितलं, शिक्का अस्सल आहे म्हणून तपास थांबवू नका, आणि आपल्या गावात जे नेहमी चालतं तेच इथंही झालं असेल असं धरून चालू नका. ते खरंच आहे. हवालदार बाई नसत्या तर मी तक्रार निकाली काढून मोकळा झालो असतो आणि त्या पोरीची पाठ कायमची गेली असती. याची मला आजही लाज वाटते. पण जे त्या खिडकीसमोर कळलं, ते प्रशिक्षणात सांगता आलं नाही. मी सगळा तपास दोन वर्षांच्या फरकाचा केला होता. त्या फरकात कुणाचं तरी अख्खं आयुष्य मावलं होतं, हे मी कुठल्याच अहवालात लिहिलं नव्हतं.

कारकून मान वर न करता म्हणाला, "मयताचं नाव सांगा."

आईनं हातातलं प्रतिज्ञापत्रच पुढं केलं. कारकुनानं परत विचारलं. शेवटी मुलगी पुढं झाली आणि शाळेत हजेरीला सांगावं तसं तिनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"तुझं नको बाळ, मयताचं."

"तेच आहे," मुलगी म्हणाली.

कारकुनानं आता मान वर केली, दोघींकडं पाहिलं आणि लिहून घेतलं. "वय?"

मुलीला ते माहीत नव्हतं. तिनं आईकडं पाहिलं.

"पाच महिने, अकरा दिवस," आई म्हणाली.

कारकून लिहीत होता. मुलगी आईच्या अगदी जवळ सरकली आणि विचारलं, "आई, कशी होती गं ती?"

आणि आई बोलायला लागली. कारकुनानं पावती पुढं सरकवली, पुढचा नंबर पुकारला. मागं रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. मी त्यांना हातानं थांबवलं आणि दोघींचं बोलणं संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.